जावाच्या टाकीवर दर पावसाळ्यात फोड: कारण कुठे शोधायचं

माझी जावा मोटरसायकल १९६८ ची, मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून निघालेली. मरून रंग, टाकीच्या बाजूंना क्रोम आणि कडेने सोनेरी रेघा. या टाकीला आतापर्यंत चार वेळा रंग दिला. पहिल्या तिन्ही वेळांना एकच गोष्ट घडली. रंगून आली तेव्हा टाकीत चेहरा दिसत होता. पण मृग, आर्द्रा सरून पाऊस स्थिरावला की टाकीवर फोड यायचे. आधी मोहरीएवढे, मग ज्वारीएवढे. श्रावण संपेपर्यंत मसुरीएवढे व्हायचे आणि नखाने दाबले की वरचा पापुद्रा निघून खाली तपकिरी डाग दिसायचा.

पहिल्यांदा ते दिसले त्या दिवशी जुलैतला दुसरा रविवार होता. जावा-येझदीवाले त्या दिवशी सगळीकडे एकत्र जमतात आणि पुण्यात तो दिवस बहुतेक भिजण्याचाच असतो. खडकवासल्यापर्यंत जाऊन घरी आलो, टाकी पुसायला घेतली आणि फडक्याखाली खरखरीत लागलं. आधी वाटलं चिखल आहे.

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या ज्या ज्या माणसाशी बोललो, त्याच्याकडे हीच तक्रार होती. बुलेट असो, राजदूत असो, जुनी चेतक असो, रंग पहिल्या पावसाळ्यात फुगतो. आणि जवळजवळ प्रत्येकाने एकच उपाय केलेला: पेंटर बदलला, नाहीतर रंगाची कंपनी बदलली. मीही तेच केलं. दोन वर्षं आणि बरेच पैसे घालवल्यावर कळलं की फोड रंगात तयार होतच नाही. रंग फक्त वर उचलला जातो, उचलणारी गोष्ट खाली असते. ती गोष्ट प्रत्येक फोडाखाली एकच असते असंही नाही. माझ्या टाकीवर दोन वेगळे आजार एकाच वेळी होते, म्हणून एकाचा इलाज केला तरी दुसरा राहून जायचा आणि मला वाटायचं काहीच उपयोग झाला नाही.

फोड आधी वाचायचा, मग खरवडायचा

फोड आला की हात शिवशिवतात. शंभर नंबरचा पॉलिश पेपर घेऊन तेवढा भाग घासायचा आणि वर रंग मारायचा मोह होतो. हे करू नका. घासलं की पुरावा गेला.

माझ्या हातून एक गोष्ट नकळत बरी झाली. दुसऱ्या वेळचे फोड पेंटरला दाखवायचे होते आणि फोटोत ते नीट येत नव्हते. अप्पा बळवंत चौकातून बटर पेपर आणला, टाकीवर चिकटवला आणि पेन्सिलने प्रत्येक फोडाची जागा गोल काढून घेतली. झाकण, पेट्रोलचा कॉक, शिवण (पत्र्याचा जोड), क्रोमची कड हेही त्यावर काढलं. तो कागद घरात पडून राहिला. तिसऱ्या वेळी फोड आले तेव्हा तोच कागद टाकीवर पुन्हा ठेवला आणि पाहतच राहिलो. खालच्या शिवणीलगतची अकरा फोडांची रांग होती तिथेच होती, जवळजवळ एकेका फोडासकट. पण झाकणाच्या मागे जो मोठा पुंजका होता तो पूर्ण गायब. मधल्या काळात फक्त एक फरक पडला होता: दुसऱ्यांदा रंग ऐन ऑगस्टमध्ये मारला होता, तिसऱ्यांदा मे महिन्यात.

तेव्हा पहिली गोष्ट, जागा टिपा. फोड फक्त झाकणाभोवती असतील तर संशय पेट्रोलवर आणि झाकणाच्या पॅकिंगवर. खालच्या शिवणीला किंवा कॉकच्या आसपास असतील तर टाकीच्या आत बघा. जिथे कधीकाळी पोचा होता आणि लांबी (पोचा बुजवायचा लगदा) भरली आहे तिथेच पुंजका असेल तर लांबीकडे बघा. टाकीभर सगळीकडे बारीक पुरळ असेल तर कॉम्प्रेसरचं पाणी, नाहीतर पत्रा नीट न धुतल्याचा परिणाम. आणि टाकी फ्रेमवर बसते त्या खालच्या खोबणीच्या कडेने रंग सुटत असेल, तर तिथे आतून बहुतेक वेळा कोणी रंगच मारलेला नसतो. गंज तिथून कडेने वर चढत येतो.

दुसरी गोष्ट, वेळ. रंग मारल्यावर आठ दिवसांत, उन्हात उभी केल्यावर टिपके उठले तर आत थिनर अडकला आहे. रंगाचे जाड हात एकामागोमाग मारले आणि मधे सुकू दिलं नाही की असं होतं. उन्हात फुगणारे आणि रात्री बसणारे फोड असतील तर आत ओल किंवा थिनर आहे. चार-सहा महिने काही नाही आणि पहिल्या सलग पावसानंतर उठले, तर पत्र्यावर मीठ किंवा गंज राहिला आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उपयोगी पडली. शिवणाची सुई घ्या, एक फोड टोचा आणि लगेच टिपकागद लावा. पाणी निघालं का? वास पेट्रोलचा आहे का? मग ब्लेडने पापुद्रा अलगद उचला आणि उलटा करून बघा. पापुद्र्याच्या खालच्या बाजूला लांबीचा थर चिकटून आला असेल तर लांबी पत्र्याला धरलेली नव्हती. प्रायमर पत्र्यावर राहून फक्त वरचा रंग उठला असेल तर दोष प्रायमर आणि रंग यांच्यामध्ये आहे. उघडा पत्रा दिसला आणि तो काळपट-तपकिरी असेल तर गंज खालूनच आला. माझ्या शिवणीवरच्या फोडांतून पेट्रोलचा वास आला. झाकणामागच्या फोडांतून पूर्वी नुसतं पाणी आलं होतं आणि लांबी सुटून आली होती, पण तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

खालची रांग: आतून पोखरलेला पत्रा

शिवणीलगत टाकी कधीच गळत नव्हती. खाली थेंब नाही, वास नाही. म्हणून तिथे भोक असेल हे कोणीच मानत नव्हतं. पण सुईच्या टोकापेक्षा बारीक भोकातून पेट्रोल थेंबासारखं गळत नाही, ते पाझरतं. उघड्या पत्र्यावर असेल तर पाझरता पाझरता उडून जातं. वर रंग असेल तर रंगाखाली साठतं आणि त्याला उचलतं.

हे शोधायची रीत जुनी आहे. रेल्वेच्या कारखान्यांत एकेकाळी लोखंडातले तडे असेच शोधत. टाकी रिकामी करून, कॉक काढून, तिथे बूच मारून आत रॉकेल भरायचं. आता रॉकेल सहज मिळत नाही, मी डिझेल भरलं. बाहेरून शिवणीचा रंग पूर्ण काढून, पत्रा पुसून, खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ हात द्यायचा आणि सुकू द्यायचा. पांढरीशुभ्र कड तयार होते. मग टाकी रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायची. सकाळी माझ्या पांढऱ्या कडेवर सात ठिकाणी ओले ठिपके होते. बटर पेपर लावून पाहिला, सातही फोडांच्या रांगेत. उरलेल्या चार फोडांना या भोकांतून पाझरून शिवणीत पसरलेलंच पेट्रोल पोचलं असणार.

कॉम्प्रेसरची हवा आत भरून साबणाच्या पाण्याने तपासायला काही जण सांगतात. टाकीच्या बाजू सपाट असतात. थोडा दाब जास्त झाला तर पत्रा फुगून आकार कायमचा जातो. जुन्या जावाची टाकी पुन्हा मिळवायची म्हणजे जुन्या बाजाराच्या किती फेऱ्या माराव्या लागतात ते ज्याने मारल्या त्यालाच माहीत. मी तरी हवा भरत नाही.

ही भोकं पडतात कशी? टाकी अर्धी रिकामी उभी राहिली की रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर दव होऊन जमते आणि खाली उतरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते शिवणीच्या खाचेत जाऊन बसतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला घेऊन वेगळं होतं आणि तळाशी थर धरतं. रोज चालणाऱ्या गाडीत हे पेट्रोल भरभर संपतं. आपल्या गाड्या महिन्यातून दोन रविवार निघतात, उरलेले दिवस तो थर शिवणीत बसून असतो.

आतला गंज काढायला मी लिंबूफूल वापरलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरभर कोमट पाण्यात साधारण ८० ग्रॅम, टाकी काठोकाठ, एक दिवस. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धुवायचं, नाहीतर उरलेलं आम्ल पुन्हा पत्रा खातं. आणि लगेच कोरडं करायचं, कारण नुकताच स्वच्छ झालेला पत्रा तासाभरात पिवळसर व्हायला लागतो.

भोकं बुजवताना एक गोष्ट कळकळीने सांगतो. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. आतली वाफ पेट घेते आणि टाकी फुटते. चार दिवस उन्हात उघडी ठेवलेली टाकीही पुरेशी सुरक्षित नसते, कारण शिवणीतलं पेट्रोल तापल्यावर बाहेर येतं. ज्योत लावायचीच असेल तर हे काम ज्याने आयुष्यभर टाक्या केल्या अशाच माणसाकडे द्या. माझ्याकडे ज्यांनी केलं त्यांनी टाकी उलटी धरून शिवणीच्या जरा खालपर्यंत पाणी भरलं आणि ज्योत न वापरता तांब्याच्या जड कैयाने डाख (सोल्डर) दिला.

डाखाचीही एक खोड आहे. डाख धरावा म्हणून झिंक क्लोराइडचं पाणी लावतात. ते शिवणीत राहिलं तर हवेतली ओल ओढत बसतं आणि रंगाखाली पुन्हा तेच सुरू होतं. गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि दात घासायचा ब्रश घेऊन मी ती शिवण अर्धा तास घासली. क्रोम करून आणलेल्या टाकीलाही हेच लागू पडतं. प्लेटिंगचं द्रावण शिवणीच्या घडीत शिरतं आणि महिन्यांनी बाहेर येतं. म्हणून क्रोमहून आलेली टाकी गरम पाण्यात दोन-तीनदा बुडवून, उन्हात तापवून, आठवडाभर नुसती ठेवून बघावी. कडेला पांढरी-हिरवी पूड आली तर अजून आत आहे.

टाकीच्या आत लावायचं एपॉक्सी सीलर मिळतं. भोकं तशीच ठेवून ते भरोशाला ओतणं मला पटत नाही. आधी पत्रा दुरुस्त करावा, मग हवं तर सीलर, आणि ते इथेनॉल चालणारंच आहे ना हे डब्यावर वाचून घ्यावं. जुन्या प्रकारची काही सीलर इथेनॉलने मऊ पडून पापुद्र्यांनी सुटतात आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात.

वरचा पुंजका: लांबीने प्यायलेलं पाणी

झाकणामागे माझ्या टाकीला जुना पोचा आहे. आधीच्या मालकाच्या काळातला असावा. तो ठोकून बराच वर आणला तरी दीड-दोन मिलिमीटर लांबी भरावी लागतेच. आपण जिला लांबी म्हणतो ती पॉलिएस्टर रेझिन आणि शंखजिऱ्याची पूड. सुकल्यावर ती दगडासारखी वाटते, पण आतून सच्छिद्र असते. पाणी पेपरने घासली की पाणी पिते. त्यावर प्रायमर बसला की ते पाणी आत कोंडतं. पुढे उन्हाने टाकी तापते, पाण्याची वाफ होते, वाट मिळत नाही म्हणून ती रंगाला उचलते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. नाना पेठेत एक म्हातारे पेंटर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. दुसऱ्या वेळचं काम त्यांच्याकडे नव्हतं, पण तिसऱ्या वेळची टाकी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फोडाकडे बघितलंच नाही. आधी विचारलं, "रंग कोणत्या महिन्यात मारला?"

"हा मे महिन्यात. त्याच्या आधीचा ऑगस्टमध्ये, चाचा. दसऱ्याला गाडी हवी होती."

"मग ऑगस्टची लांबी पाण्याने घासली असणार. मे महिन्यात घासली तर दिवसभरात सुकते. श्रावणात घासली तर चार दिवसांत सुकत नाही, आणि चार दिवस थांबतो कोण? तुम्ही रोज फोन करता ना, साहेब."

मी रोज फोन करत होतो हे खरं होतं.

पुण्यात जुन्या गाड्यांच्या रंगाची सगळी घाई दसऱ्याची असते. खंडेनवमीला शस्त्रं-अवजारं, दसऱ्याला गाडी. झेंडूची माळ घालायची तर गाडी नवी दिसली पाहिजे. मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पेंटरकडे रांग लागते, म्हणजे नेमकी वर्षातली सगळ्यात दमट हवा असते तेव्हा. पावसाळ्यानंतर, कार्तिकात काम सुरू करा आणि गाडी गुढीपाडव्याला बाहेर काढा. सणही मोठा आणि हवाही कोरडी. मी चौथ्यांदा तेच केलं. फक्त डिसेंबर-जानेवारीत सकाळी अकराच्या आधी रंगाची गन हातात घेऊ नका. पत्रा रात्रीचा गार असतो, हाताला कोरडा वाटला तरी त्यावर दव धरलेलं असू शकतं. दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा, पत्रा किमान ३ अंशांनी गरम हवा, हा रंगकामातला जगभरचा नियम आहे. मे महिन्याच्या दुपारी उलटा त्रास: रंग पत्र्यावर पोचायच्या आत सुकायला लागतो आणि संत्र्याच्या सालीसारखा बसतो. तेव्हा सावकाश उडणारा थिनर वापरावा आणि काम संध्याकाळी चारनंतर करावं.

लांबी कोरडीच घासा. धूळ उडते, मास्क लागतो, पेपर लवकर भरतो, पेंटर कुरकुर करतात. तरीही कोरडीच. ८० नंबरने आकार, १८० ने सफाई, ३२० ने शेवट. हार्डनर (लांबी कडक करणारं रसायन) वजनाच्या २-३ टक्के एवढाच. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर त्यातलं जादा पेरॉक्साइड वर येऊन फिक्या रंगावर पिवळा डाग उठवतो. क्रीम रंगाच्या टाकीवर हा डाग मी पाहिला आहे, वर कितीही हात मारले तरी तो पुन्हा येतो.

लांबी उघड्या पत्र्यावर भरायची की एपॉक्सी प्रायमरवर, यावर पेंटरांत वाद आहे. माझं मत एपॉक्सीवर. पत्रा घासून, धुऊन, पुसून त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमरचा हात द्यायचा, एक दिवस सुकू द्यायचा, १८० ने खरखरीत करून वर लांबी. मग पाणी लांबीत शिरलं तरी पत्र्यापर्यंत जात नाही. एका डब्यातला, हार्डनर न लागणारा प्रायमर स्वस्त आहे, पण तो ओल आत येऊ देतो. उघड्या पत्र्यावर मी तो कधीच मारणार नाही.

पत्र्यावरचं मीठ

फोड पावसातच का येतात याचं कारण इथे आहे. रंगाचा थर पूर्ण बंद नसतो, त्यातून पाण्याची वाफ हळूहळू आत जाते. खाली पत्र्यावर मीठ असेल तर ते ती वाफ ओढून घेतं, तिथे थेंब तयार होतो, तो आणखी पाणी ओढतो. मनुकं पाण्यात टाकल्यावर टम्म फुगतं तसंच. मीठ कुठून येतं? घामाच्या बोटांचं. बोअरिंगच्या जड पाण्याने टाकी धुतली तर त्यातलं. गंज काढायला लावलेल्या फॉस्फोरिक ॲसिडच्या द्रावणातलं, जे बाटलीवर "धुवायची गरज नाही" लिहिलंय म्हणून तसंच ठेवलं जातं. फॉस्फोरिक ॲसिड राहिलेल्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर नीट आवळतही नाही, कारण त्यातल्या हार्डनरला आम्ल मारतं.

उपाय स्वस्त आहे. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी पाच लिटर आणा आणि शेवटची धुवणी फक्त त्याने करा. मग केस वाळवायच्या ड्रायरने टाकी कोमट करा आणि त्यानंतर उघड्या हाताने पत्र्याला हात लावू नका. माझ्या एका फोडाखाली अंगठ्याचा ठसा गंजात उमटलेला होता, रेषांसकट.

कॉम्प्रेसर

पावसाळ्यात २५ अंशांच्या हवेत, आर्द्रता ८५ टक्के असताना, प्रत्येक घनमीटर हवेत साधारण २० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. कॉम्प्रेसर अशी आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरमध्ये बसवतो, म्हणजे १६० ग्रॅम पाणी एका जागी आलं. थंड झाल्यावर त्या घनमीटरभर हवेत फार तर २३ ग्रॅम वाफ मावते. उरलेलं सव्वाशे ग्रॅमहून जास्त पाणी कुठेतरी पडणारच: कॉम्प्रेसरच्या टाकीच्या तळाशी, पाइपात, किंवा गनमधून तुमच्या रंगात. म्हणून रोज सकाळी कॉम्प्रेसरच्या तळाची तोटी उघडा. पाण्याचा सेपरेटर कॉम्प्रेसरला लावून उपयोग नाही, तिथे हवा अजून गरम असते आणि पाणी वाफेतच असतं. आठ-दहा मीटर पाइप गेल्यावर, गनच्या जवळ लावा. काम द्यायच्या आधी पेंटरला सांगा की गनमधून आधी नुसती हवा आरशावर मारून दाखव. आरशावर धुकं किंवा तेलाचा ठिपका आला तर त्या दिवशी रंग नको.

बाकीच्या गोष्टी झटपट. झाकणाचं पॅकिंग जुनं असेल तर चालताना पेट्रोल आणि त्यातलं टू-स्ट्रोक तेल बाहेर येऊन झाकणाभोवती रंग मऊ होतो. पॅकिंग दर दोन वर्षांनी बदला. सिलिकॉनचं पॉलिश लावलेल्या टाकीवर रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, ते फोड नव्हेत. घासायच्या आधीच ग्रीस काढणाऱ्या द्रवाने पुसा, घासल्यावर पुसलं तर सिलिकॉन ओरखड्यांत शिरलेलं असतं. जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग ठेवून त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) मारला की सुरकुत्या येतात. कापूस थिनरमध्ये बुडवून घासा, कापसाला रंग लागला तर तो एनसी आहे, पूर्ण काढा. बॅटरीच्या डब्याचा रंग फुगतो तो आम्लाच्या वाफेने. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतल्याशिवाय तिथे प्रायमर मारणं फुकट. आणि टाकी पावडर कोटिंगला देऊ नका. भट्टी १८० ते २०० अंशांची असते, आणि कथील-शिशाचा डाख साधारण १८३ अंशांनाच वितळायला लागतो. फ्रेमला मात्र पावडर कोटिंग उत्तम.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही आणि एकदा त्याचा दमा जडला की त्या माणसाला पुन्हा गन धरता येत नाही. पेंटरला कार्ट्रिजचा मास्क तुम्ही घेऊन द्या. हजारोंचं काम देतो आपण, त्यात एवढं बसतं.

आत्ता टाकीवर फोड असतील तर

पावसाळा चालू असताना काही करू नका. रंगाचा ठिगळ मारू नका. प्लास्टिकचं कव्हर मात्र आजच काढा, ते ओल आत धरून ठेवतं. सुती चादर टाका. फुटलेल्या फोडांवर मेणाचं पातळ बोट फिरवा म्हणजे गंज पसरणार नाही. बटर पेपरवर नकाशा काढा, दोन-तीन फोड टोचून बघा आणि काय निघालं ते त्याच कागदावर लिहा. दिवाळीनंतर पेंटरकडे जाताना तो कागद सोबत न्या. मी नेला तेव्हा चाचांनी तो दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला अडकवला आणि काम संपेपर्यंत तिथेच ठेवला.

चौथ्या वेळी टाकी पत्र्यापर्यंत खरवडून, वर सांगितलेल्या क्रमाने सगळं केलं. पेट्रोल भरायला महिनाभर थांबलो, कारण पीयू हाताला आठ दिवसांत कडक लागला तरी पेट्रोलला दाद न देण्याइतका पिकायला वेळ लागतो. सोनेरी रेघा क्लिअरच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक थराच्या, खाली घेतल्या. जुन्या पद्धतीत त्या वरून ओढलेल्या असत आणि हाताला लागत, ते मला जास्त आवडतं, पण दर आठवड्याच्या पुसण्याने त्या झिजतात.

दोन पावसाळे झाले. यंदा भाद्रपदात कॉकच्या बोळीशी एक फोड आला, ज्वारीच्या दाण्याएवढा. टोचला तर पेट्रोलचा वास. पोटात गोळा आला. कॉक काढून पाहिला तर फायबरचा वॉशर एका बाजूने दबून चिरला होता आणि पेट्रोल आट्यांतून रंगाच्या उघड्या कडेखाली शिरत होतं. वॉशर बदलला, तेवढी कड कोरडी घासून एपॉक्सीने बंद केली. बटर पेपरवर त्या जागी एक गोल काढून तारीख टाकली आहे.